क्रिकेटचा खरा दोष एवढाच की

इथे वाक्य तुटलं.

ज्यांच्या तोंडात ते तुटलं ते साडूभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. ज्याच्या कानात ते अडकलं तो दंतोबा अजून त्यातून सुटलेला नाही.

दोघांनाही आईबापांनी ठेवलेली धड नावं होती, पण ती घरात कोणी वापरत नसे. दोन बहिणींचे हे दोन नवरे. थोरलीचे ते साडूभाऊ, धाकटीचा तो दंतोबा. दंतोबा कवळ्या बनवायचा, म्हणून दंतोबा.

दर रविवारी दुपारी दंतोबा आणि धाकटी थोरलीकडे जायची. बहिणी स्वयंपाकघरात, साडू टीव्हीसमोर. टीव्ही एक, रिमोट एक आणि खेळ दोन. दंतोबाचा जीव क्रिकेटवर, साडूभाऊंचा गोल्फवर. साडूभाऊंनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. दंतोबा शाळेच्या संघात बारावा होता, तोही बारावा आजारी पडला तर. पण मतं अशी ठणठणीत, की वाटावं निवड समिती दाराबाहेर ताटकळत उभी आहे.

भांडण नको म्हणून नियम ठरले होते. षटक चालू असेल तोवर क्रिकेट. षटक संपून जाहिराती लागल्या की गोल्फ. आणि दुसरा नियम, जो पाहुण्यांना कधीच कळला नाही: आपल्या खेळाबद्दल आपण बोलायचं नाही. क्रिकेटवर बोलणार साडूभाऊ, गोल्फवर बोलणार दंतोबा. आणि बोलायचं ते वाईटच.

"स्वतःच्या पोराचं कौतुक कोणीही करतं," साडूभाऊ म्हणायचे. "शेजाऱ्याने त्याला नावं ठेवली, की मग कळतं आपला जीव त्याच्यावर किती आहे ते."

त्यामुळे रविवारी दुपारी त्या खोलीतून असे आवाज यायचे:

"हे अकरा जण बघ. एक टाकतो, एक अडवतो, बाकीचे उन्हात वाळत घातलेत."

"आणि तुमचा हा? चालायलाच जायचंय तर जा की बाबा. सोबत पिशवीभर लोखंड कशाला? तेही दुसऱ्याच्या खांद्यावर!"

"बॅटीला चेंडू लागला हे त्याचं त्याला ठाऊक आहे. तरी उभा आहे बघ कसा, पंचाच्या तोंडाकडे बघत. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा. गोल्फमध्ये गवतात चेंडू केसभर हलला, कोणी पाहिलं नाही, तरी माणूस हात वर करतो. म्हणतो, माझ्याकडून चूक झाली."

"कोणी पाहिलं नाही, तर तुम्हाला कसं कळलं?"

"तो सांगतो ना!"

"मग तो तुम्हाला थापा मारतोय, साडूभाऊ. आणि आपल्या खेळाची स्तुती झाली. दंड म्हणून चहा तुमच्याकडे लागू."

शेवटच्या रविवारी षटकाचा शेवटचा चेंडू पडला. साडूभाऊंनी रिमोट उचलला. चॅनेल बदलता बदलता म्हणाले, "खरं सांगू का दंतोबा, एवढी वर्षं मी नुसत्या बारीकसारीक खोड्या काढत बसलो. क्रिकेटचा खरा दोष एवढाच की"

आणि थांबले. तोंड अर्धवट उघडं. उजवा तळहात गालावर गेला. समोर पडद्यावर हिरवळ होती, पण दंतोबा पडद्याकडे बघत नव्हता. तो साडूभाऊंच्या गालाकडे बघत होता. कारण त्या गालाच्या आत त्याने केलेली नवी कोरी कवळी होती.

मग थोरली कप घेऊन आली, धाकटीने बस चुकेल म्हणून घाई केली, चपला, पिशव्या, दार. दारात दंतोबाला आठवलं.

"अहो, तुमचं ते वाक्य?"

"हां, राहिलंच की ते. पुढच्या रविवारी." साडूभाऊ हसले. नव्या कवळीमुळे त्यांच्या 'स'ला बारीक शीळ लागायची. "तोवर तू या 'स'चं काहीतरी बघ. मी बोललो की रस्त्यावरचं कुत्रं वळून बघतं."

"पुढच्या रविवारी घासून देतो."

पुढच्या रविवारवर दोन कामं टाकली गेली. एक त्यांचं, एक याचं.


*क्रिकेटचा खरा दोष एवढाच की तो फार लवकर संपतो.*

हा शेवट दंतोबाने पहिल्यांदा लावून पाहिला. लावून पाहिला म्हणजे कवळीत दात लावून बघतात तसा. मेणात बसवायचा, लांबून बघायचं, मान हलवायची, काढायचा.

तो कामाला होता ती खोली एका दवाखान्याच्या मागे होती. एक लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरची पोती, घासायचं मशीन आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर जबडे. पांढरे, बिनदाताचे, प्रत्येकाच्या बुडावर नंबर. पेशंटच्या हिरड्यांचं पहिलं माप घेतलं की त्यात प्लास्टर ओतायचं, तो साचा. काम झालं तरी दंतोबा तो टाकून देत नसे. माणूस परत येतो. इथे टोचतंय म्हणतो, तिथे सैल झालीय म्हणतो. साचा असलेला बरा.

तिसऱ्या फळीवर डावीकडून साडूभाऊ होते.

ते गेल्यावरच्या महिन्यात दंतोबाने टेबलावरचा छोटा टीव्ही लावला. वीस षटकांचा सामना होता. पहिल्याच चेंडूला फलंदाजाने डोळे मिटून बॅट फिरवली, आणि त्याच्या डाव्या कानामागून आवाज आला, "गोष्ट सांगायला बसावं आणि पोरांनी म्हणावं, थोडक्यात सांग. तसा झालाय हा तुझा खेळ."

दंतोबाने मागे वळून पाहिलं नाही. साडूभाऊंची खुर्ची नेहमी डाव्या बाजूलाच असायची. आवाज तिकडूनच यावा यात त्याला नवल वाटलं नाही. सवयीचा माणूस, सवयीच्या जागी बसला. हे वाक्यही जुनं होतं. असंच काहीतरी ते पूर्वी म्हणालेच असणार. मनात साठलेलं असतं, ते वर येतं. हौदाच्या तळाचा पाला येतो तसं.

"पाच दिवसांचा तीन तासांवर आणला," आवाज म्हणाला. "उद्या नाणेफेक झाली की बक्षीस वाटतील."

दंतोबा हसला. चांगला मोठ्याने हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की "तास"मधला 'स' शीळ घालत होता.


*क्रिकेटचा खरा दोष एवढाच की त्यात माणूस आपल्या तोंडाने बाद म्हणत नाही.*

हा शेवट बरेच दिवस टिकला. साडूभाऊंच्या स्वभावाला धरून होता. पण त्यात नवीन काय? हे तर ते दर रविवारी म्हणत. 'खरं सांगू का' म्हणून ज्याची सुरुवात करायची, ते असलं शिळं नसतं.

घरी धाकटीच्या लक्षात यायला लागलं होतं.

"अहो, कुणाशी बोलताय?"

"मॅच बघतोय."

"मॅच बघताय ते दिसतंय मला. मधेच थांबून हो हो काय करताय? आणि षटक संपलं की ते गवत कशाला लावता? तुम्हाला तर झोप यायची ना त्याने?"

"नियम आहे."

"ज्यांच्याशी केला होता ते गेले," धाकटी म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. ती त्याच्याजवळ बसली. तिने उशी मांडीवर घेतली, दोन षटकं पाहिली, आणि म्हणाली, "हा उंच आहे तो चांगला खेळतो, नाही?"

तिने कौतुक केलं. तिला काय माहीत. दंतोबाने मान हलवली आणि त्याला एकदम असं एकटं वाटलं, की पाय जवळ घ्यावेसे वाटले.

चांगलं म्हणणारे जगात पुष्कळ होते. दवाखान्यातला कंपाउंडर होता, बसमधले लोक होते, टीव्हीवरचे कोट घातलेले माजी खेळाडू तर त्याचीच भाकरी खात होते. पण वर्षानुवर्षं मन लावून नावं ठेवणारा माणूस एकच होता. आपल्या देवाशी भांडायला रोज येणारा नास्तिक एके दिवशी आलाच नाही, तर पुजाऱ्याला कसं वाटेल, तसं दंतोबाला वाटायचं.

आणि मग तो डावखुरा आला.

कोवळा पोरगा, पहिलाच सामना, साडूभाऊ गेल्यानंतर पुष्कळ महिन्यांनी संघात घेतलेला. त्याचं नाव साडूभाऊंनी ऐकलंही नसणार. कामाच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीवर पोरगा क्रीझवर आला, हेल्मेट सारखं केलं, हातमोजे ओढले, आकाशाकडे पाहिलं.

"हा चेंडू बघत नाही," डाव्या कानामागून आवाज म्हणाला, "हा कॅमेरा बघतोय. बघशील तू. सरळ चेंडूवर जाईल."

तिसऱ्या चेंडूवर पोरगा गेला. चेंडू सरळ होता.

दंतोबाच्या हातातला मेण कापायचा सुरा खाली पडला. साठलेलं वर येतं, हे ठीक. पण हे साठलेलं नव्हतं. हे ताजं होतं.

घाबरायला हवं होतं खरं तर. पण दंतोबाच्या मनात दुसराच हिशेब आला. जो नवं बोलू शकतो, तो राहिलेलंही बोलू शकेल. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. खोलीत मशीनची घरघर होती, तीही बंद केली. मग फळ्यांकडे पाठ ठेवूनच विचारलं, "साडूभाऊ, क्रिकेटचा खरा दोष काय?"

इतका वेळ चुरूचुरू चाललेला आवाज थांबला. गेला नाही. गेला असता तर कळलं असतं. तिथेच होता, आणि गप्प होता. पडलेल्या दाताची जागा जिभेला लागावी इतका स्पष्ट गप्प.


*क्रिकेटचा खरा दोष एवढाच की एकट्याला खेळता येत नाही.*

हा शेवट त्याने शोधला नाही. तो अंगावर आला.

कसोटी होती, शेवटचा दिवस, रेडिओ चालू होता. कारण हातात कुणाच्या तरी पुढच्या दातांची ओळ होती आणि डोळे तिथे हवे होते. एका बाजूला आपला सगळ्यात भरवशाचा फलंदाज सकाळपासून खेळत होता. दुसऱ्या बाजूने एक एक करून सगळे गेले. शेवटचा गोलंदाज आला, ज्याला बॅट कशी धरायची तेही सांगावं लागतं. त्याला सगळ्यांनी घेरलं. त्याने थोडा वेळ तग धरला आणि त्याची दांडी उडाली.

समालोचक म्हणाला, "आणि दुसऱ्या टोकाला तो नाबाद राहिला आहे."

नाबाद.

दंतोबाने हातातली ओळ खाली ठेवली. हे त्याने हजार वेळा ऐकलं होतं आणि कधी ऐकलंच नव्हतं. माणूस बाद झालेला नाही. हातात बॅट आहे, अंगात जोर आहे, डोळा बसलेला आहे. पण समोरचं टोक रिकामं झालं की त्यालाही चालायला लागावं लागतं. कोणी बाद केलं नाही तरी खेळ संपतो. साडूभाऊंचा तो गोल्फवाला बघा. सगळे घरी गेले तरी तो एकटा गवतात चेंडूमागे फिरू शकतो, अंधार पडेपर्यंत. क्रिकेटवाल्याला एकट्याला काहीच करता येत नाही. नाबाद असलं तरी नाही.

"हेच होतं का?" त्याने मोठ्याने विचारलं.

तिसऱ्या फळीवरून त्याने साडूभाऊंचा साचा उचलला. खालचा आणि वरचा, पितळेच्या बिजागरीवर बसवला. हे यंत्र जबड्यासारखं उघडतं, मिटतं, दात एकमेकांवर कसे बसतात ते बघायला. टेबलावर ठेवून तो समोर बसला. बिनदाताचं पांढरं तोंड, थोडं उघडं. त्या दिवशी होतं तेवढंच.

"हो तर म्हणा. किंवा नाही म्हणा."

डाव्या बाजूला कोणीतरी होतं. श्वास होता, तेवढाच.

इतके दिवस जी गोष्ट दंतोबाने टाळली होती ती आता टाळता आली नाही.


*क्रिकेटचा खरा दोष एवढाच की (इथे कवळी टोचली).*

गालावर गेलेला हात. अर्धवट उघडं तोंड. दंतोबाने हजारो माणसांना असं थांबताना पाहिलं होतं. घास अडतो, शब्द अडतो, माणूस गालाला हात लावतो आणि डोळे बारीक करतो. हिरडीवर कुठेतरी मोहरीएवढा उंचवटा राहून गेलेला असतो. मोहरीएवढा पुरतो.

म्हणजे वाक्य साडूभाऊंनी तोडलं नाही, दैवाने तोडलं नाही. दंतोबाच्या हाताने तोडलं. आणि आता तो आवाज सगळं बोलतो, जुनं बोलतो, नवं बोलतो, फक्त त्या जागी येऊन थांबतो. कारण त्या जागी अजून टोचतंय.

हे कुणाला सांगणार? धाकटीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल.

कवळी अजून होती. थोरलीने ती ठेवली होती, बेसिनजवळच्या काचेच्या पेल्यात. दर रविवारी हात धुताना दंतोबाला ती दिसायची. पाणी नेहमी स्वच्छ. ती रोज सकाळी बदलायची.

"तुम्हीच म्हणाला होता ना," थोरली म्हणाली होती, "कोरडी पडली की वाकडी होते."

त्याने ते जिवंत माणसासाठी सांगितलं होतं. पण तसं म्हणवलं नाही.

कवळी साच्यावर बसवून बघितली की झालं. डुगडुगली, लंगड्या स्टुलासारखी, तर टोचत होती. नीट बसली, तर टोचत नव्हती. दहा मिनिटांचं काम. पण त्याने ते एवढे महिने केलं नाही, आणि का केलं नाही ते दात काढून घ्यायला घाबरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

मग दोन्ही बाजूंनी एकदमच आलं. मालकांनी नवीन यंत्र घेतलं. तोंडात एक कांडी फिरवायची, पडद्यावर जबडा उभा. माप नको, प्लास्टर नको.

"दंतोबा, सोमवारी रंगारी येतोय," मालक म्हणाले. "या फळ्या रिकाम्या करा. किती वर्षांचे जबडे आहेत हो इथे? रात्री एकमेकांशी बोलत असतील."

"दिवसापण बोलतात," दंतोबा म्हणाला. मालक हसले.

आणि त्याच आठवड्यात थोरलीने सांगितलं, की ती लेकीकडे राहायला चालली. घर सोडायचं ठरलं. हा शेवटचा रविवार.

साडूभाऊंचा साचा टॉवेलात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून दंतोबा निघाला.


*क्रिकेटचा खरा दोष एवढाच की*

थोरलीच्या घरात खोकी होती. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज येत होता, ती कपबशा कागदात गुंडाळत होती. टीव्ही अजून होता, कारण तो शेजारी संध्याकाळी नेणार होते. दोन्ही खुर्च्या होत्या.

दंतोबा उजवीकडच्या खुर्चीत बसला. लीगचा अंतिम सामना चालू होता. डावीकडे आवाजाने आल्या आल्या सुरुवात केली. "काल या जर्सीत, आज त्या जर्सीत. टाळी कापडाला वाजवायची का तोंडाला?" बरं वाटलं.

मग थोरली हातात पेला घेऊन आली.

"दंतोबा, हिचं काय करू सांगा. नेऊ का? लेक म्हणते, आई, असलं काही आणू नकोस, पोरं घाबरतील."

"जरा बघू द्या ताई."

त्याने टॉवेल सोडला, साचा टेबलावर ठेवला. थोरली बघत राहिली. पांढऱ्या प्लास्टरकडे तिने एकदाच पाहिलं आणि तिला कळलं ते कुणाचं तोंड आहे. नवऱ्याचं तोंड बायकोला बिनदाताचंही कळतं.

"हे... तुमच्याकडे होते होय."

दंतोबाने कवळी पाण्यातून काढली, झटकली. ओल्या हाताने हे काम करायचं नसतं, म्हणून त्याने मांडीवर तळवे पुसले. मग वरची कवळी वरच्या साच्यावर टेकवली आणि अंगठ्याने दाबली.

टक्.

बसली. डावीकडे दाबून पाहिलं, उजवीकडे दाबलं. हलली नाही. खालची लावली. तीही बसली, जशी तिथेच उगवली होती. बोट फिरवून फिरवून त्याने उंचवटा शोधला. मोहरीएवढा नाही, खसखशीएवढाही नाही.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण हायसं वाटायच्या आधी प्रश्न आला. मग ते थांबले का?

"ताई, एक विचारतो. शेवटच्या रविवारी साडूभाऊ मला काहीतरी सांगत होते, आणि मधेच थांबले. गालावर असा हात ठेवला. त्यांना दुखत होतं का काही?"

"मी आत होते तेव्हा." थोरली डाव्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभी राहिली. "कुठला हात? असा?"

"हो."

"अहो, दुखायचं काय त्यात? टीव्हीवर तो कोणीतरी भोकाजवळ उभा असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! एवढी वर्षं शेजारी बसलात आणि बघितलं नाही? तो माणूस शेवटचं मारायला वाकला, की हे गप्प. तिथे म्हणे कोणी बोलायचं नसतं, खेळणाऱ्याचं चित्त जातं. मी म्हणायचे, अहो, तो तिकडे कुठल्या मुलखात, तुम्ही इथे चड्डीवर, त्याला ऐकू जाणारे का? तर नाही. गालाला हात लावून बसायचे असे, श्वाससुद्धा सोडायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, अगं, गॅसवरचं दूध... आणि थांबले. गेलं की सगळं दूध!"

स्वयंपाकघरातून धाकटी हसली. दंतोबा हसला नाही. इतकी वर्षं शेजारी बसून त्याने पाहिलं नव्हतं हे खरं होतं. गोल्फ लागला की तो नावं ठेवायला तोंड उघडायचा, आणि साडूभाऊ गप्प असतात ते आपण बोलतोय म्हणून, असं समजायचा.

"मग नंतर? राहिलेलं नंतर बोलायचे?"

"चेंडू भोकात पडला की बोलायचे पुढे. जणू काही झालंच नाही."

"आणि नाही पडला तर?"

थोरलीने थोडा विचार केला. "मग नाही. मग मूडच जायचा त्यांचा."

डाव्या बाजूला आवाज ऐकत होता.

थोरलीने वाकून साच्यावरची कवळी अलगद सोडवली. वरची पेल्यात टाकली, खालची दंतोबाच्या तळहातावर ठेवली.

"वरची मी नेते. खालची तुम्ही ठेवा. दोन्ही एका ठिकाणी राहिल्या तर पुन्हा बडबड सुरू."

"ताई, त्यांचा 'स' घासून द्यायचा राहिला."

"राहू द्या. कुत्री वळून बघायची, तेवढीच ओळख."

पडद्यावर षटक संपलं. जाहिरात लागली. दंतोबा रिमोटकडे बघतच राहिला. तर थोरलीने तो उचलला आणि न बघता बटण दाबलं. कितीतरी रविवार स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिला षटक कधी संपतं ते पाठ झालं होतं. हिरवळ आली. मग ती डाव्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती यापूर्वी कधी बसली नव्हती. बसताना थोडी कडेला बसली, कुणाला तरी जागा ठेवल्यासारखी.

शेवटची फेरी, शेवटचं भोक. पांढऱ्या टोपीचा एक माणूस चेंडूपाशी वाकला होता. चोहीकडे माणसांच्या रांगा आणि एवढ्या माणसांतून एक आवाज नाही. दंतोबाच्या जिभेवर नेहमीचं आलं होतं, की बघा, एवढ्याशा भोकासाठी केवढा हा सुतकी चेहरा. त्याने ते गिळलं. गालावर हात ठेवला.

स्वयंपाकघरात धाकटीने विचारलं, "ताई, ही मोठी ताटली कुठल्या..."

"श्श," थोरली म्हणाली.

माणसाने चेंडू ढकलला. चेंडू निघाला, गवतावरून हळू, थोडा उतार घेऊन वळला आणि भोकाच्या ओठावर येऊन थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. पडतही नव्हता, राहतही नव्हता.

असं झालं की थोडा वेळ थांबायची मुभा असते. हा नियम दंतोबाने कितीदा चेष्टेवारी नेला होता. आमच्याकडे चेंडू दांडीला लागला आणि वरची बेल पडली नाही तर नाबाद, विषय मिटला. आणि तुमच्याकडे हा असा भोकाशी जाऊन नुसता उभा राहणार, चेंडूचं मन वळतंय का बघत!

माणूस आता भोकाशी जाऊन उभा राहिला होता. रांगाही उभ्या होत्या. थोरलीने खुर्चीचा हात धरला होता. दंतोबाच्या तळहातात खालची कवळी अजून ओली होती.

चेंडू थरथरला, की वाऱ्याने गवत हललं, ते या पडद्यावर कळत नव्हतं.

दंतोबाच्या डाव्या कानामागे, थोरलीच्या आणि त्याच्या मधल्या रिकाम्या जागेत, कोणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.